सिंहलद्वीपातील मतपेटी, शाळा आणि दवाखाना

आमच्या विद्यार्थ्यांना सिंहलद्वीप ठाऊक असते ते महेंद्र-संघमित्रेमुळे आणि अनुराधपुरच्या बोधिवृक्षामुळे. मे 1950 मध्ये बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी तेथे गेले होते, हेही आम्ही वर्गात सांगतो. परंतु तोवर त्या बेटावर प्रौढ मताधिकार येऊन 19 वर्षे झाली होती आणि भारतातील तशी पहिली सार्वत्रिक निवडणूक अद्याप व्हायची होती, हे सांगायचे राहून जाते.

पोर्तुगीज, डच आणि 1796 पासून इंग्रज असे तीन धनी त्या बेटाने पाहिले. इंग्रजी अमलात शिक्षणाच्या दोन वाटा होत्या. इंग्रजी शाळा बहुतांशी मिशनऱ्यांच्या आणि फी घेणाऱ्या. चांगली नोकरी त्याच वाटेने मिळे. खेड्यातील सिंहली व तमिळ शाळांत फी नव्हती, पण पुढे जाण्याचा मार्गही नव्हता. 1886 साली कोलंबोत बौद्धांनी सुरू केलेले आनंद कॉलेज हे या स्थितीला दिलेले एक उत्तर होते.

डोनमोर आयोगाच्या शिफारशींनंतर 1931 साली 21 वर्षांवरील स्त्री-पुरुषांना मत मिळाले. तेथील अनेक प्रतिष्ठित पुढाऱ्यांना ते नकोच होते. अडाण्यांच्या हाती मत कसे द्यावे, हा त्यांचा आक्षेप आपल्याही परिचयाचा आहे. बाबासाहेबांनी 1928 साली सायमन कमिशनपुढे हाच अधिकार मागितला होता.

मताचे मोल लवकरच दिसले. 1934-35 मध्ये अवर्षणाने नद्यांची डबकी झाली, डास माजले आणि हिवतापाने सुमारे 80,000 माणसे दगावली. अर्धपोटी असलेली गरीब माणसे त्यात प्रथम गेली. केगल्ल भागात एन. एम. परेरा हे तरुण कार्यकर्ते औषधाबरोबर डाळही वाटत. लोक त्यांना ‘डाळवाले साहेब’ म्हणू लागले. 1936 साली त्याच भागातून ते राज्य परिषदेवर निवडून आले. मतदारांच्या दारात जावे लागणाऱ्या प्रतिनिधींना मग गावाचा दवाखाना विसरता येईना.

शिक्षणखात्याचे मंत्री सी. डब्ल्यू. डब्ल्यू. कन्नंगर स्वतः शिष्यवृत्तीवर शिकलेले. त्यांच्या समितीने 1943 साली अहवाल दिला आणि ऑक्टोबर 1945 पासून बालवर्ग ते विद्यापीठ शिक्षण मोफत झाले. ग्रामीण भागात मध्यवर्ती विद्यालये निघाली, त्यांना वसतिगृहे जोडली गेली. वसतिगृहात वाढलेल्या आम्हांला त्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

मात्र चहामळ्यांवरील तमिळ मजूर या साऱ्याच्या कडेलाच राहिले. त्यांचे पूर्वज तमिळ मुलखातून आणलेले, त्यांतील बरेचसे अस्पृश्य जातींचे. 1931 मध्येही त्यांच्या मताला अधिवासाच्या अटी होत्या. 1948 च्या नागरिकत्व कायद्याने बहुसंख्यांचे नागरिकत्व गेले आणि पाठोपाठ मतही. त्यांच्या मुलांच्या शाळा मळेवाल्यांच्या मर्जीवर चालत राहिल्या. त्या सरकारच्या ताब्यात येण्यास 1970 चे दशक उजाडावे लागले.