कानासाठी लिहिलेली बातमी

सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचे हेच आकडे ३९ आणि ४३. पावसाळ्यात तिकडच्या नदीकाठी ते पोरासोरांनाही तोंडपाठ असतात. गावोगावी ते पोचवण्यात आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्यांचा मोठा वाटा आहे. पण हा आकडा भल्या सकाळी वृत्तविभागाला कळवणारा माणूस श्रोत्यांना ना नावाने माहीत असतो, ना आवाजाने. तो असतो आकाशवाणीचा अंशकालीन वार्ताहर.

साधारण जिल्ह्याला एक. नोकरी नाही, ठरावीक मासिक मानधन. पोटापाण्याला वकिली, छापखाना, एखाद्या दैनिकाचं काम असं काहीतरी वेगळं पाहावं लागतं. पूर्वी तो तार करायचा किंवा ट्रंक कॉल लावून ताटकळत बसायचा. मग फॅक्स आला, आता मोबाइल. साधनं बदलली तरी पलीकडून येणारे प्रश्न तेच. वडगाव म्हणजे कुठलं? मावळातलं की हातकणंगले तालुक्यातलं? जखमी किती, आणि हा आकडा कुणी दिला? पोलिसांनी की गावकऱ्यांनी? एवढं विचारून झाल्यावर त्याच्या तासाभराच्या धावपळीची बातमीपत्रात तीन वाक्यं होतात. कधी तीही कापली जातात.

ही तीन वाक्यं लिहिणं हेच खरं कसब. वर्तमानपत्रात सहज खपणारं एक वाक्य घ्या: ‘पाणलोट क्षेत्रात गेल्या चोवीस तासांत झालेल्या मुसळधार पावसामुळे कोयना धरणाचे सहा वक्र दरवाजे उघडून नदीपात्रात विसर्ग सुरू करण्यात आला असून नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा देण्यात आला आहे.’ डोळा मागे जाऊन ते पुन्हा वाचू शकतो. कानाला ती सोय नाही. म्हणून रेडिओवर ते असं होतं: ‘कोयना धरणाचे सहाही दरवाजे उघडले आहेत. नदीकाठच्या गावांनी सावध राहावं. पाणलोट क्षेत्रात पाऊस सुरूच आहे.’ गोठ्यात धार काढणाऱ्याला आधी काय कळायला हवं, त्यावर वाक्यांचा क्रम ठरतो. मिनिटाला साधारण शंभर-सव्वाशे शब्द धरले, तर दहा मिनिटांत जेमतेम हजार-सव्वा हजार शब्द बसतात. त्यात अख्खा महाराष्ट्र बसवायचा!

मग तो कागद वृत्तनिवेदकाच्या हाती जातो. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ला सुरू झालं. सकाळी सातनंतरच्या तिथल्या प्रादेशिक बातम्यांशी जे आवाज कायमचे जोडले गेले, त्यांत सुधा नरवणे यांचा आवाज अग्रभागी. त्यांचा मुलगा पुढे लष्करप्रमुख झाला, तेव्हा जनरल मनोज नरवणे कोण हे सांगताना अनेकांनी आधी आईची ओळख दिली. तिच्या आवाजाचा मान होताच तसा. अपघाताची बातमी असो वा ऊसदराची, असा आवाज चढत नाही आणि रडतही नाही. मला हा संयम फार मोलाचा वाटतो. पूर आल्यावर लोकांना धीर हवा असतो आणि पाण्याचा आकडा हवा असतो. निवेदकाच्या भावना त्यांच्या काय उपयोगाच्या?

हे माध्यम सरकारी, आणि त्याची किंमत श्रोत्यांनी मोजली आहे. मंत्र्यांची उद्घाटनं वर्षानुवर्षं वर आणि गावाची तहान खाली, हा क्रम सगळ्यांनी ऐकला. आणीबाणीत तर ‘ऑल इंदिरा रेडिओ’ हे नाव आकाशवाणीला चिकटलं. १९९७मध्ये प्रसारभारती आली, तरी स्वायत्तता पुरती आली असं म्हणवत नाही. ज्या वार्ताहराने टंचाईची खरी बातमी पाठवली आणि ती गाळली गेली, त्याची कुठे नोंदही नाही.

तरीही पर्याय कुठे आहे? खासगी एफएम वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. फार तर आकाशवाणीच्याच बातम्या जशाच्या तशा लावता येतात. म्हणजे रेडिओवरचा स्थानिक पत्रकार आपल्याकडे आकाशवाणीतच असणार. जून २०२३मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून बातमीपत्रं छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा निर्णय झाला, तेव्हा पुण्यात गदारोळ उठला आणि केंद्रीय मंत्र्यांना त्याला स्थगिती द्यावी लागली. हा गदारोळ जुन्या आठवणींपोटी झाला असं कुणी म्हणेल, मला ते पटत नाही. ऑगस्ट २०१९मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. अशा पुरात वीज जाते, मोबाइल मुका होतो आणि सेलवरचा रेडिओ तेवढा चालू राहतो. त्यातून बोलणाऱ्याला राधानगरीचा स्वयंचलित दरवाजा उघडला म्हणजे पुढे कुणाच्या दारात पाणी येणार, हे ठाऊक असायला हवं.

असं ठाऊक असलेली माणसं जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. त्यांचं मानधन पोटापुरतं व्हावं, रिकाम्या जागा भराव्यात आणि पुण्याचं बातमीपत्र पुण्यातच लिहिलं जावं, एवढं प्रसारभारतीला सहज करता येण्यासारखं आहे.