संपादकाची ओळख : छायाचित्र आणि परिचय

नेवाशाला गेलेला माणूस पैसाचा खांब पाहिल्याशिवाय परत येत नाही. या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवरील टीका सांगितली, अशी आपली श्रद्धा आहे. ज्ञानेश्वरांच्या हयातीत काढलेले त्यांचे चित्र आपल्याजवळ नाही. घरोघर दिसतात ती चित्रे पुढच्या काळातील चित्रकारांच्या भक्तीतून निर्माण झालेली आहेत. परंतु ज्ञानेश्वरीच्या प्रचलित प्रतींच्या अखेरच्या ओव्या वाचल्या, तर ग्रंथाविषयी जे जे विचारावे त्याचे उत्तर तेथे मिळते. ठिकाण गोदावरीतीरीचे, राज्य रामचंद्र यादवाचे, गुरू निवृत्तिनाथ, लेखनिक सच्चिदानंदबाबा आणि शक १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. कोण, कोठे, केव्हा, कोणापासून शिकून आणि कोणाच्या साह्याने, या पाच गोष्टी तेथे सांगितल्या आहेत आणि स्वतःची स्तुती मात्र नाही.

आज ज्या विषयावर बोलावयाचे आहे तो वरवर पाहता अगदी लहान आहे. वृत्तपत्रे, नभोवाणी आणि दूरचित्रवाणी चालविणारी जी मंडळी, म्हणजे संपादक, प्रकाशक, व्यवस्थापक, संचालक, त्यांची छायाचित्रे आणि परिचय कसे तयार करावेत आणि ते सर्वत्र एकसारखे का असावेत, हा तो विषय. कोणी म्हणेल, "ही तर मिरविण्याची हौस! बातमी चांगली असली म्हणजे झाले; संपादकाचा चेहरा घेऊन काय करावयाचे?" हा आक्षेप खरा असता, तर त्यावर व्याख्यान देण्याचे कारणच उरले नसते. माझे म्हणणे एवढेच आहे, की परिचय आणि छायाचित्र ही वाचकाला दिलेली सही आहे. आणि सही दर वेळी निराळी येऊ लागली की बँकेतला कारकूनसुद्धा हुंडी परत करतो.

कायद्यानेही ही गोष्ट फार पूर्वीच ओळखली. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण घालणे सक्तीचे केले. पुढे संपादकाचे नावही अंकावर छापावे लागू लागले. १९५६ च्या नियमांप्रमाणे वृत्तपत्रांना दर वर्षी फेब्रुवारी संपताच एक विवरण छापावे लागे. त्यात मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे, राष्ट्रीयत्व, पत्ते व एक टक्क्याहून अधिक भांडवल असणाऱ्या मालकांची नावे असत. जुन्या अंकांच्या कोपऱ्यात हा 'नमुना ४' आपण सर्वांनी पाहिला असेल आणि न वाचता पान उलटले असेल. १८६७ चा तो कायदा आता गेला. त्याची जागा घेणारा २०२३ चा कायदा १ मार्च २०२४ पासून अमलात आला. पण त्यामागील तत्त्व जुनेच आहे. जो लिहितो आणि छापतो, त्याला विचारता आले पाहिजे. आणि विचारावयाचे तर तो कोण हे आधी कळले पाहिजे.

आता ही ओळख किती सहज बिघडते, ते पाहू. मराठी वृत्तपत्रांचा आरंभ ज्या 'दर्पणा'पासून मानतात, त्याचा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ रोजी निघाला. त्याचे संपादक बाळशास्त्री जांभेकर. त्यांची जन्मतारीख पाहावयास जावे, तर कोठे ६ जानेवारी १८१२ दिलेली आढळते आणि कोठे २० फेब्रुवारी १८१२. पत्राचा वाढदिवस आणि संपादकाचा वाढदिवस एकाच तारखेला येतो, हे पाहून एखादा चिकित्सक वाचक थबकेल. बाकीचे उतरवून घेतील. एकाने लिहिले की दुसरा त्यावरून लिहितो, तिसरा दुसऱ्याचा आधार देतो, आणि वीस वर्षांनी त्या तारखेला हार घातले जातात. वृत्तपत्रांच्या आद्य पुरुषाची ही स्थिती, तर इतरांची काय कथा?

पदनामाचेही तसेच. 'केसरी' म्हटले की टिळक, असे समीकरण आपल्या मनात बसलेले आहे. परंतु १८८१ साली 'केसरी' निघाला तेव्हा त्याचे संपादक गोपाळ गणेश आगरकर होते. 'मूकनायक' डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू केला, हे सर्वांस ठाऊक आहे. पण ते त्या वेळी सरकारी महाविद्यालयात प्राध्यापक होते आणि पत्रावर संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. संस्थापक, संपादक, मालक आणि लेखक ही चार निरनिराळी कामे आहेत. परिचयात त्यांची सरमिसळ केली, की एकाचे श्रेय दुसऱ्याच्या खात्यावर जमा होते आणि ज्याचे गेले त्याची आठवणही जाते.

नावाचा घोळ तर आपल्या नगरकरांना नवा नाही. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ साली 'ज्ञानोदय' सुरू केला तो याच शहरातून. पुढे तो मुंबईस गेला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी त्याच्या मराठी विभागाचे संपादन केले, आणि त्यांचे वास्तव्यही पुष्कळ वर्षे अहमदनगरला होते. म्हणजे एकाच काळात दोन टिळक, दोघेही पत्रांशी संबंधित, दोघेही नामांकित! एकाचे निधन १९१९ सालचे, दुसऱ्याचे १९२० सालचे. तेव्हा 'टिळकांच्या पत्रात' एवढेच लिहून चालत नाही. नाव पूर्ण हवे, आणि एकदा ठरविलेले नाव सर्वत्र तेच हवे. एके ठिकाणी आद्याक्षरे, दुसऱ्या ठिकाणी 'राव', तिसऱ्या ठिकाणी घरचे लाडके नाव, असे झाले तर पन्नास वर्षांनी शोधणाऱ्याला ती तीन माणसे वाटतील.

हे सारे दुसऱ्यांना सांगण्याचा अधिकार मला माझ्या चुकीने मिळालेला आहे. काही वर्षांपूर्वी एका साप्ताहिकाच्या वर्धापनदिनाच्या विशेषांकाचे काम माझ्याकडे आले. सात जणांची छायाचित्रे आणि परिचय द्यावयाचे होते. मी ज्याच्याकडून जे मिळाले ते घेतले. एकाचे चित्र लग्नातले, गळ्यातील हार कापून काढलेले. दुसऱ्याचे समूहचित्रातून कापलेले. त्याच्या खांद्यावर कोणा अज्ञाताचा पंजा तसाच राहिला. संपादकांनी पंचवीस वर्षांपूर्वीचे छायाचित्र दिले. परिचयांचेही तेच. संपादकांस दोन पाने, आणि ज्या व्यवस्थापकाने वर्गणी गोळा करून, कागदाची उधारी भागवून पत्र जिवंत ठेवले त्याला एक ओळ. अंक निघाला. चौथ्या दिवशी एक जुने वर्गणीदार कार्यालयात आले. हातात पत्राचा अंक, विशेषांक आणि समारंभाची निमंत्रणपत्रिका. तिन्हींवर पत्राचे स्थापनेचे साल निराळे होते. ते शांतपणे म्हणाले, "स्वतःचे साल तुम्हांला ठाऊक नाही, मग आमच्या गावच्या पाणीयोजनेचे आकडे तुम्ही छापता, ते आम्ही कसे खरे मानावेत?" याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. या विषयाचा मी विचार करू लागलो तो त्या दिवसापासून.

प्रथम छायाचित्राचे पाहू. खिळ्यांच्या छपाईच्या काळी छायाचित्राचा जस्ताचा ठसा करून घ्यावा लागे. त्याला आपण 'ब्लॉक' म्हणत असू. तो करावयास पैसे पडत, म्हणून एकदा केलेला ब्लॉक छापखान्याच्या खणात जपून ठेवीत आणि वर्षानुवर्षे तोच वापरीत. त्यामुळे एकसारखेपणा आपोआप येई. खणातून चुकीचा ब्लॉक निघाला तर अनर्थही होई. आज चित्र काढण्यास पैसा पडत नाही, म्हणून एकाच माणसाचे दहा ठिकाणी दहा चेहरे दिसतात. जे पूर्वी काटकसरीने साधे, ते आता ठरवून साधावे लागते.

एकसारखेपणा म्हणजे सर्वांना एकच कोट चढविणे नव्हे. कोणी टोपी घालील, कोणी फेटा बांधील, कोणाच्या डोक्यावर पदर असेल. तो ज्याचा त्याचा. प्रकाश, अंतर, उंची आणि पार्श्वभूमी या चार गोष्टी मात्र सर्वांना सारख्या असाव्यात. ज्या खिडकीतून थेट ऊन येत नाही, अशा खिडकीजवळ माणसाला थोडे तिरपे बसवावे आणि दुसऱ्या बाजूस पांढरी चादर धरावी, म्हणजे सावलीतला गाल काळवंडत नाही. मागे साधी भिंत असावी व माणूस तिच्यापासून हात-दोन हात पुढे असावा. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा. खालून काढलेल्या चित्रात मनुष्य हुकूम सोडताना दिसतो आणि वरून काढलेल्यात अर्ज करताना. कॅमेरा पाच-सहा फुटांवर असावा. हातभर अंतरावरून चित्र घेतले की नाक कानांच्या मानाने कॅमेऱ्याला फारच जवळ येते, म्हणून ते मोठे दिसते. दोष नाकाचा नसून अंतराचा असतो. जमिनीवर खडूने खूण करून हे माप लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या वर्षी येणाऱ्या नव्या सहकाऱ्याचे चित्रही त्याच रांगेत बसते.

छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके धरतात. पाच सेंटिमीटर रुंदीचे चित्र छापावयाचे तर त्याची रुंदी सुमारे ६०० ठिपक्यांची हवी. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठविलेले चित्र वाटेत आकसते. म्हणून मूळ प्रत मागून घ्यावी. आणि प्रत्येक चित्राबरोबर ते काढल्याची तारीख नोंदवावी. पाच वर्षांनी नवे चित्र काढावे. केस पिकले तर ते पिकलेले दिसू द्यावेत.

येथे एका जुन्या खोडीचा उल्लेख केला पाहिजे. पूर्वी स्टुडिओत काचेच्या निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून सुरकुत्या पुसून देत आणि सावळ्या माणसाला उजळ करीत. पेन्सिल गेली, आता संगणक तेच काम क्षणात करतो. इतकेच नव्हे, तर माणूस कॅमेऱ्यापुढे न बसताही कृत्रिम बुद्धिमत्ता त्याचा कोटातला चेहरा तयार करून देते. लग्नपत्रिकेत हे चालेल. पण जो दुसऱ्याच्या छायाचित्रात फेरफार झाला आहे काय हे तपासावयास बसला आहे, त्यानेच स्वतःचा बनावट चेहरा छापावा, हे कसे शोभेल? डाग झाडावा, प्रकाश सारखा करावा. रंग, वय आणि चेहरेपट्टी यांना हात लावू नये.

आता परिचय. पुष्कळ परिचय विशेषणांनी भरलेले असतात: झुंजार, निर्भीड, व्यासंगी, लढवय्ये. ही विशेषणे इतक्यांना लागली आहेत, की त्यांवरून माणूस ओळखता येत नाही. विशेषण काढून त्या जागी ते ज्यामुळे मिळाले ती गोष्ट लिहावी. आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण घेऊ. "मुकुंदराव पाटील हे थोर व निर्भीड पत्रकार होते" या वाक्यातून काय कळले? त्याऐवजी असे लिहून पाहा : "मुकुंदराव पाटील, सत्यशोधक पत्रकार. 'दीनबंधू'चे संस्थापक कृष्णराव भालेकर यांचे पुत्र. दत्तक गेल्याने आडनाव पाटील. १९१० साली 'दीनमित्र' सुरू केले आणि पुढे ते नेवासे तालुक्यातील तरवडी या खेड्यातून चालविले. निधन १९६७." तीस शब्द झाले. यात स्तुती नाही. पण खेड्यात बसून पत्र चालविणाऱ्या माणसाची हिंमत वाचकाला आपोआप कळते. पितापुत्रांची आडनावे निराळी का, हाही गुंता सुटतो.

असे तीन परिचय करावेत : तीस-चाळीस शब्दांचा, शंभर शब्दांचा आणि तीनशे शब्दांचा. पण ते तीन वेळा निरनिराळे लिहू नयेत. मोठा आधी लिहावा, कागदपत्रांवरून तपासावा आणि त्यातूनच धाकटे काढावेत, म्हणजे सालांत फरक पडत नाही. पद आणि कालावधी दोन्ही द्यावे. बायकांच्या परिचयात अमक्यांच्या पत्नी एवढ्यावरच थांबण्याची आपली सवय सोडावी. भालेकरांनी १८७७ साली सुरू केलेल्या 'दीनबंधू'चे संपादन पुढे तानूबाई बिर्जे यांनी केले. त्या वासुदेवराव बिर्जे यांच्या पत्नी हे खरे, परंतु त्या संपादक होत्या हे अगोदर सांगावयाचे. अपयशही गाळू नये. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली टिळक-आगरकरांना तुरुंगवास झाला. तो त्यांच्या चरित्रातून कोणी वगळीत नाही. उलट राहते घर, मुलाबाळांची माहिती, जात, या गोष्टी वाचकाच्या उपयोगाच्या नाहीत, त्या वगळाव्यात.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे सारे एका ठिकाणी असावे. प्रत्येकाचे एक मूळ टिपण, त्यावर तपासल्याची तारीख, आणि ते सांभाळणारी एक जबाबदार व्यक्ती. निमंत्रणपत्रिका असो, विशेषांक असो, संकेतस्थळ असो वा मृत्युलेख असो, मजकूर त्या टिपणातूनच जावा. पूर्वी विवरण छापण्याची वेळ मार्चमध्ये येई. तोच महिना या तपासणीसाठी नेमून ठेवावा. आणि व्यवस्थापक, मुद्रितशोधक, यंत्रचालक यांचीही टिपणे त्याच फायलीत असावीत. नेवाशाला ज्याने लेखणी धरली त्याचे नाव सातशेहून अधिक वर्षे टिकले, ते ग्रंथाच्या शेवटी त्याला जागा दिली म्हणून. आपल्या छापखान्यांत राबणाऱ्यांना तेवढी एक ओळ देणे, आणि ती खरी देणे, आपल्या हातचे आहे.