टास्कबारवरील जोडणीचे चिन्ह : अर्थ व मर्यादा

प्राथमिक शाळेची बरीचशी माहिती आता संगणकावरून पाठवावी लागते. यू-डायस प्लसमधील पटनोंद हे त्याचे ठळक उदाहरण होय. मोफत पाठ्यपुस्तकांची मागणी याच नोंदीच्या आधारे ठरते. माहिती पाठविताना जोडणी तुटली व ते ध्यानात आले नाही, तर त्याचा भार अखेर विद्यार्थ्यांवर पडतो. सबब जिल्ह्यातील शिक्षकबंधुभगिनींनी टास्कबारवरील, म्हणजे पडद्याच्या तळाशी असलेल्या पट्टीवरील, जोडणीचे चिन्ह वाचावयास शिकणे अगत्याचे आहे. विंडोज प्रणालीत हे चिन्ह उजव्या कोपऱ्यात घड्याळाजवळ असते.

माहितीच्या प्रवासाचे तीन टप्पे मानावेत. पहिला संगणकापासून राउटरपर्यंत अथवा मोबाइलच्या हॉटस्पॉटपर्यंत. दुसरा तेथून इंटरनेटपर्यंत. व तिसरा आपणांस हव्या असलेल्या संकेतस्थळापर्यंत. वाय-फायच्या कमानी केवळ पहिल्या टप्प्याचे बळ दाखवितात. कमानी पूर्ण भरल्या असूनही काम रेंगाळते, ते पुढील मार्ग मंद असल्यामुळे. आडात नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?

दुसरा टप्पा तुटल्यास जुन्या आवृत्त्यांत चिन्हावर पिवळा त्रिकोण दिसतो. नव्या आवृत्त्यांत पृथ्वीगोल व त्यावर मनाईची खूण दिसते. चिन्हावर बाण नेऊन क्षणभर थांबावे. ‘नॉट कनेक्टेड’ असे शब्द आल्यास पहिला टप्पा तुटला आहे; केबल, वाय-फाय व राउटरचा वीजपुरवठा तपासावा. ‘नो इंटरनेट’ असे आल्यास दोष राउटरच्या पलीकडे असण्याचा संभव अधिक. तेव्हा संगणकाची मोडतोड करू नये.

हे चिन्ह कसे ठरते, हेही जाणून घ्यावे. विंडोज १० व ११ मध्ये संगणक मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळाकडून एक लहानशी मजकूर-फाइल मागतो. अपेक्षित मजकूर परत आला, की जोडणी आहे असे तो मानतो. यावरून उघड होईल की, तिसऱ्या टप्प्याविषयी हे चिन्ह काहीच सांगत नाही. चिन्ह निर्दोष असून एकच संकेतस्थळ उघडत नसेल, तर दुसरे एखादे उघडून पाहावे. ते उघडल्यास दोष बहुधा त्या संकेतस्थळाकडेच असतो. काही वेळाने पुन्हा यत्न करणे हाच उपाय.

२००१ सालच्या विंडोज एक्सपीमध्ये माहितीची ये-जा होताना हे चिन्ह लुकलुकत असे. २००९ सालच्या विंडोज ७ पासून ती सोय राहिली नाही. आता प्रत्यक्ष वेग पाहण्यासाठी कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि ‘परफॉर्मन्स’ विभागात वाय-फाय अथवा इथरनेट निवडावे. तेथे ‘सेंड’ व ‘रिसीव्ह’ असे दोन आकडे दिसतात. माहिती पाठविताना ‘सेंड’ हाच आकडा महत्त्वाचा. चित्रफीत सुरळीत दिसते म्हणून माहितीही सुरळीत जाईल, असे समजू नये. हा वेग बिटमध्ये असतो आणि ८ बिटांचा १ बाइट होतो. म्हणून २ मेगाबाइटचे छायाचित्र सेकंदास ५०० किलोबिट वेगाने जाण्यास निदान ३२ सेकंद लागतात. तेवढा धीर धरावा. ‘सेंड’चा आकडा हलत असता कळ पुनःपुन्हा दाबू नये.

शेवटी तीन नियम ध्यानात ठेवावेत. माहिती प्रथम कागदावर तयार करावी. ‘सेव्ह’ची कळ दाबण्यापूर्वी चिन्ह पाहावे; जोडणी तुटलेली असल्यास पान बंद करू नये व ताजेही करू नये, कारण भरलेली माहिती पुसली जाण्याची भीती असते. आणि जोडणी तुटल्याची तारीख, वेळ व चिन्हाचे शब्द वहीत टिपून ठेवावेत. केंद्रप्रमुखांस अथवा गट साधन केंद्रास ‘इंटरनेट चालत नाही’ एवढेच कळविण्यापेक्षा कोणता टप्पा तुटला हे कळविल्यास दुरुस्ती लवकर होते, आणि विलंबाचा दोष विनाकारण शिक्षकाच्या माथी येत नाही.