भिंतींचा ‘बेज’ रंग

घर रंगवायचें ठरलें कीं कुटुंबांत मतभेद सुरू होतात. एकास निळा हवा असतो, दुसऱ्यास हिरवा. आणि शेवटीं तडजोड म्हणून ज्या रंगावर एकमत होतें, तो पुष्कळदां ‘बेज’ असतो. हा रंग कोणासहि खुपत नाहीं, तेव्हां तो चुकणारहि नाहीं, अशी समजूत असते. परंतु फसगत होते ती याच सौम्य रंगाच्या बाबतींत.

बेज हा शब्द फ्रेंच. रंग न दिलेल्या, नैसर्गिक वर्णाच्या लोकरी कापडास तो प्रथम लावीत. पुढें तें नांव रंगासच चिकटलें. महाराष्ट्रांतील घरांस ही छटा अगदींच परकी नाहीं. भिजविलेल्या चुन्यांत थोडी पिवडी आणि चिमूटभर गेरू कालविला, कीं भिंतीवर जो वर्ण उतरतो तो याच कुळांतला. पिवडी काय, गेरू काय, दोन्ही मातींचा रंग त्यांतील लोहाच्या संयुगांमुळें आलेला असतो.

बेज म्हणजे पांढऱ्यांत मिसळलेला अल्पसा पिवळा, त्याहून अल्प तांबडा आणि नांवापुरता तपकिरी किंवा काळा. मूळ रंग इतके अल्प असल्यामुळें खोलींतला प्रकाश त्यांवर सहज मात करतो. उत्तरेच्या खिडकींतून येणारा उजेड निळसर असतो. त्यांत बेज भिंत राखी व मलूल दिसते. मावळतीच्या उन्हांत तीच नारिंगीकडे झुकते. तारेच्या जुन्या दिव्याखालीं ती उबदार वाटते. निळसर पांढऱ्या एलईडी दिव्याखालीं ती ऊब नाहींशी होते. तांबड्या फरशीची झांक तिच्यावर गुलाबी होऊन उमटते. शिवाय समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर प्रकाश फेंकतात; त्यामुळें कागदावर फिका वाटलेला नमुना चार भिंतींवर अधिक गडद भासतो.

म्हणून दुकानांतल्या दिव्याखालीं निवड पक्की करूं नये. लहानसा डबा आणून दोन फूट लांबीरुंदीच्या पुठ्ठ्यावर दोन हात द्यावे व तो पूर्ण वाळूं द्यावा. मग तो खोलीच्या निरनिराळ्या भिंतींशीं उभा करून सकाळीं, दुपारीं व दिवेलागणीनंतर पाहावा. जुन्या भिंतीवरच नमुना लावल्यास शेजारचा रंग डोळ्यांस फसवितो.

अंधाऱ्या खोलीस बेज दिला म्हणजे ती उजळेल, ही आशाहि व्यर्थ होय. भिंत प्रकाश परत फेंकते, निर्माण करीत नाहीं. आणि बेज पांढऱ्याहून कमीच परत फेंकतो. अशा ठिकाणीं छत पांढरें ठेवून भिंतींस अगदीं फिकी, किंचित् पिवळसर छटा द्यावी.

मागें राहून दुसऱ्यास पुढें आणणें, हा या रंगाचा खरा गुण. त्याच्यापुढें सागवानी कपाट, तांब्यापितळेचीं भांडीं, पुस्तकांची रांग खुलून दिसते. पडदे, गालिचा, बैठक सारेंच बेज केलें, तर मात्र खुलविण्यास कांहीं उरत नाहीं व खोली निर्जीव होते. भिंतीचा रंग वर्षानुवर्षें डोळ्यांसमोर राहावयाचा असतो. त्यासाठीं पुठ्ठ्याकडे दोन दिवस पाहण्यांत घालविले, तर ते वायां जात नाहींत.