बाळंतपणानंतरची तांबी

अमरावतीचे ‘डफरीन’ आणि अकोल्याचे ‘लेडी हार्डिंग’ ही जिल्हा स्त्री रुग्णालये वऱ्हाडात अद्याप आपल्या जुन्या नावांनीच ओळखली जातात, आणि खेड्यातली पहिलटकरीण असो की धारणी-चिखलदऱ्याकडून पाठविलेली अडलेली स्त्री असो, तिची पावले अखेर याच दारांशी येतात. २००५ साली जननी सुरक्षा योजना आल्यापासून दवाखान्यातील बाळंतपण हा देशभर हळूहळू रिवाज झाला. परंतु पुढील गर्भधारणा केव्हा व्हावी, हा तितकाच महत्त्वाचा प्रश्न मात्र पुष्कळ घरांत बारसे आटोपले तरी कोणी उच्चारीत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे एका बाळंतपणानंतर पुढील गर्भ राहण्यापूर्वी निदान २४ महिने जावेत. कारण गर्भारपणात आणि स्तनपानात झिजलेले शरीर, विशेषतः रक्तक्षय असलेल्या स्त्रीचे शरीर, भरून येण्यास तेवढी मुदत लागतेच. अंगावर पाजते तोवर दिवस जात नाहीत, ही समजूत अर्धीच खरी आहे. पहिले सहा महिने मूल केवळ आईच्या दुधावर असेल आणि पाळी आली नसेल, तोवरच त्या समजुतीला आधार. पुढे मात्र पाळी दिसण्यापूर्वीच बीज सुटू शकते आणि स्त्रीला कळण्याआधीच दिवस राहतात.

यावरचा एक सुलभ उपाय म्हणजे बाळंतपणानंतर लगेच बसविली जाणारी तांबी. इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराचे, सुमारे ३ सेंटिमीटरांचे हे प्लॅस्टिकचे साधन तांब्याच्या तारेने वेढलेले असते. ते तांबे शुक्रजंतूंना निष्प्रभ करते आणि गर्भधारणा होऊ देत नाही. वार पडल्यापासून १० मिनिटांच्या आत, अथवा ४८ तासांपर्यंत, लांब चिमट्याने ती गर्भाशयाच्या माथ्यापर्यंत नेऊन ठेवतात; सिझेरियन असेल तर त्याच छेदातून बसवितात. ही वेळ टळली तर सहा आठवडे थांबावे लागते. बाळंतपणानंतर लगेच गर्भाशय मोठे असल्यामुळे तेव्हा बसविलेल्या तांबीचे दोरे आरंभी दिसत नाहीत; ते आकसत पूर्वपदावर येते तसतसे दोरे खाली उतरतात. ३८० ए प्रकारची तांबी १० वर्षे आणि ३७५ प्रकारची ५ वर्षे काम देते, आणि मूल हवे झाले की प्रशिक्षित हातांनी काढून घेता येते.

ती पोटातून काळजापर्यंत चढते, दूध आटविते, या धास्तीला आधार नाही; तिच्यात संप्रेरक नसल्याने दुधावर परिणाम होत नाही. मात्र सत्य पूर्णच सांगितले पाहिजे. आरंभीच्या काही महिन्यांत पाळीला रक्तस्राव अधिक होतो, ओटीपोटात कळा येतात, आणि काही जणींत तांबी आपोआप निसटते. म्हणून सहा आठवड्यांनी तपासणी करून ती जागेवर असल्याची खातरजमा करावी. गर्भाशयात जंतुसंसर्ग झाला असेल, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव आटोक्यात नसेल, किंवा गर्भजल फुटून १८ तासांहून अधिक काळ लोटला असेल, तर ती तेव्हा बसवीत नाहीत.

तांबीच्याही आधी, १९६५ साली, सरकारने गर्भाशयातच बसवायचा ‘लूप’ मोठ्या उमेदीने देशभर नेला. पण रक्तस्रावाच्या तक्रारी ऐकून घेण्याची तजवीज अपुरी पडली आणि अफवांनी त्याचा घात केला. त्या अविश्वासाची सावली तांबीवरही पडली असावी, असे आकडे पाहून वाटते: २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के नसबंदीवर, तर केवळ २.१ टक्के तांबीवर विसंबून होत्या. म्हणजे पाळणा कायमचा थांबविण्याचा मार्ग सर्वांना ठाऊक, आणि तो लांबविण्याचा मार्ग मात्र अपरिचित!

हा परिचय कळा देणाऱ्या स्त्रीपुढे संमतीचा कागद धरून घडत नाही. तो गर्भारपणाच्या तपासणीतच, आशाताईने घरी येऊन, शक्य तर पती आणि सासू यांच्यादेखत करून द्यावा. मात्र होकार वा नकार हा त्या स्त्रीचाच असावा, आणि नकार दिल्याने तिच्या शुश्रूषेत तिळमात्र उणेपणा येऊ नये. बसविलेली तांबी त्रास देते म्हणून जी काढावयास येईल, तिलाही समजावून सांगावे, पण परत पाठवू नये. कारण जिच्या शब्दाला दवाखान्यात मान मिळाला, तीच गावात दहाजणींना निर्भयपणे खरे सांगेल.