दाराबाहेरचं बाकडं

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सेकंड पीयूसीची एक मुलगी तास संपल्यावर स्टाफरूमच्या दाराशी घुटमळत होती. ‘‘मॅडम, तुमच्या ओळखीत कोणी लेडी डॉक्टर आहेत? पण आमच्या घरातल्यांच्या ओळखीच्या नकोत.’’ (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

दुखणं म्हटलं तर साधंच, जांघेतलं गजकर्ण. मराठीत गजकर्ण, कन्नडमध्येही गजकर्णच. पण दोन्ही भाषा घडाघडा बोलणाऱ्या या पोरीला आठ महिने तो शब्द घरात एकाही भाषेत उच्चारता आला नव्हता. घरचे डॉक्टर गल्लीतलेच, वडिलांचे स्नेही. कंपाउंडर आईच्या माहेरगावचा. तो नाव लिहून घेतानाच ‘काय होतंय गं?’ असं बाकड्यावरच्या दहाजणांसमोर विचारणार. उद्या स्थळं बघायची ती पोर. बातमी शहापूरहून वडगावला पोचायला संध्याकाळसुद्धा लागत नाही.

मग मैत्रिणीने सुचवलेलं मलम आलं. त्यात स्टिरॉइड होतं. अशा मलमाने खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र पसरत राहते; मलम सोडलं की त्रास दुप्पट. कातडी पातळ होते आणि तिच्यावर कायमचे पट्टे उमटतात. 2018 साली केंद्र सरकारने अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तिला ती कुणी चिठ्ठी न मागता दिली!

आईला न सांगता तिला न्यावं का, यावर मी रात्रभर विचार केला. मलाही मुलगी आहे. शेवटी नेलं. त्वचारोगाच्या डॉक्टरबाईंनी तिला आत घेतलं आणि मला म्हणाल्या, ‘‘तुम्हीपण बाहेरच बसा.’’ क्षणभर रागच आला. पण बाहेर आल्यावर ती म्हणाली, ‘‘सगळं सांगितलं, मॅडम. कन्नडमध्ये. मराठीत लाज वाटते, कन्नडमध्ये तेच पुस्तकातलं वाटतं.’’ कित्येक आठवड्यांच्या गोळ्या, आणि आतले कपडे उन्हात वाळवायचे. आपल्याकडे ते साडीखाली झाकून वाळत घालतात; पावसाळ्यात ते कधी वाळणार?

पालकहो, 10 ते 19 वयाच्या मुलामुलींसाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम जानेवारी 2014 मध्ये सुरू झाला. त्यातल्या सरकारी सल्ला-उपचार केंद्रांना कर्नाटकात ‘स्नेहा क्लिनिक’ म्हणतात, महाराष्ट्रात ‘मैत्री’. पाळीच्या तक्रारी, अंगावरून जाणं (कन्नडमधलं ‘बिळी सेरगु’), मुलांच्या मनातल्या शंका, सगळं तिथे विचारता येतं. मनाचं काही असेल तर 14416 हा टेली-मानसचा क्रमांक रात्रंदिवस मोफत आहे, मराठी आणि कन्नड दोन्हींत.

रुग्णाचं गुपित राखणं 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरांवर बंधनकारक आहे. त्याला मर्यादा आहेत, आणि त्या मुलांना आधीच सांगायला हव्यात. रुग्णाच्या किंवा इतरांच्या जिवाला गंभीर धोका असेल तर गप्प बसता येत नाही. अठराच्या आत शस्त्रक्रिया करायची तर आईवडिलांची सही लागते. आणि अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. मात्र अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली असेल आणि तिने आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर कळवताना डॉक्टरांनी तिचं नाव देण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केलं.

महिन्याभराने तिनेच आईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी आई कॉलेजात हजर. ‘‘माझ्या पोरीचं दुखणं तुम्हाला कळतं, मला नाही?’’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी चहा मागवला. तो गार होईपर्यंत त्या बोलल्या नाहीत. मग निघताना पर्स सावरत म्हणाल्या, ‘‘पुढच्या तपासणीला मीच नेते. आत जायचं नाही ना मी?’’