तिघांचा रोजा, तिघांचाच स्वयंपाक

रमजान आला की आमच्या घरी माळ्यावरचं मोठं पातेलं खाली यायचं. तेव्हा घरात अकरा माणसं होती. आता आम्ही तिघंच आहोत: मी, माझे पती आणि दहावीतली लेक. पातेलं छोटं झालं, पण हाताचा अंदाज अकरा जणांचाच राहिला. आपल्या अक्कलकोटच्या अन्नछत्रात रोज हजारो भक्त जेवतात. त्यांना हजारांचा अंदाज जमतो, मला तिघांचा जमत नव्हता!

गेल्या रमजानमध्ये पहिल्या आठवड्यात रोज काही ना काही उरलं. संध्याकाळची भजी पहाटे सहरीला कोण खाणार? शेजारच्या काकू हसून म्हणाल्या, ‘एकादशी, दुप्पट खाशी. आमच्याकडेही तेच, साबुदाण्याच्या रूपात!’ पण लेकीचा प्रश्न जास्त लागला. मगरीबची अजान झाली तेव्हा मी कढईपुढे उभी होते. तिथेच खजूर तोंडात टाकला. ती म्हणाली, ‘अम्मी, तू आमच्याबरोबर बसणार कधी?’

त्या रात्री कागद घेऊन बसले. आठवड्याचा बेत लिहिला आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. नियम सोपे ठेवले.

पहिला, एक शिजवण दोन वेळा. रात्री एक वाटी हरभरे भिजवले की सकाळी दुप्पट फुगतात. ते उकडून अर्धे इफ्तारला कांदा-लिंबू घालून खायचे, उरलेल्यांची जेवणाला रस्साभाजी. संध्याकाळची डाळ थोडी जास्त करून लगेच फ्रिजमध्ये ठेवायची. पहाटे ती खळखळून उकळायची आणि त्यात कडक भाकरी कुस्करायची. आपल्या सोलापूर भागातली ही भाकरी अनेक दिवस टिकते. झोपेतून उठून पीठ मळायची गरज नाही. सोबत दही आणि शेंगदाण्याची चटणी.

दुसरा, सुट्टीच्या पहाटे खिचडी-खट्टा. तिघांना एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मसूर डाळ आणि साडेतीन वाट्या पाणी पुरतं. खट्ट्याला शिजवणं नाहीच. चिंचेच्या कोळात भाजलेल्या तिळाचा कूट, बारीक कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि मीठ. तीळ आधीच भाजून, कुटून डब्यात ठेवले की पाच मिनिटांचं काम.

तिसरा, तळण फक्त जुम्म्याला. इतर दिवशी खजूर, एखादं फळ, हरभरे किंवा मूग. तळलेलं कमी झालं तशी दिवसाची तहानही कमी जाणवू लागली. लेक तरावीहनंतर पुस्तक उघडते, तेव्हा पेंगत नाही. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, त्यामुळे सध्या तो परीक्षेच्या दिवसांत आला आहे. तिच्यासाठी हे फार मोलाचं आहे.

चौथा, मिठाचा चमचा ठरलेला. रोज्यात आमच्याकडे कुणी चव चाखत नाही. म्हणून प्रत्येक पदार्थाचं मीठ एकदाच मोजून त्याच कागदावर लिहून ठेवलं. आता माझे पतीही त्या कागदावर बघून डाळ करतात. बेत माझ्या डोक्यात होता तोवर काम एकटीचं होतं. दारावर चिकटला आणि तो घराचा झाला.

कुरआनने खा-प्या, पण उधळपट्टी करू नका असं सांगितलं आहे. पानात टाकू नये, हे आपल्याकडे प्रत्येक घरात लहानपणी शिकवतात. शिकवण एकच. अडचण होती ती फक्त मापाची.

माप तिघांचं असलं तरी एक मूठ मी जास्त घेते. ती उरण्यासाठी नाही. हरभऱ्याची वाटी काकूंकडे जाते, कधी गल्लीतल्या एकट्या राहणाऱ्या चाचांकडे. गुरुवारी मात्र नाही, त्या दिवशी काकूंचा स्वामींचा उपवास असतो. मग शुक्रवारी तीच वाटी त्यांच्याकडून भरून परत येते.

यंदा अजान होते तेव्हा गॅस बंद असतो. दस्तरखानावर तीन पेले, तीन खजूर, आणि मी बसलेली असते.